जोडीने बसायची जागा

बोटीवर कपडे वाळत कुठे घालायचे, हा माझ्या बायकोचा पहिला प्रश्न होता. पुतण्या आम्हाला लॅपटॉपवर बोट दाखवत होता. पंधरा-सोळा मजले, पोहायचे तलाव, नाट्यगृह, बर्फावर घसरायची सोयसुद्धा. दादा आणि वहिनी प्रत्येक चित्राला "अगो बाय" करत होते. हिने चष्मा नाकावर सारखा केला आणि विचारलं, "ते सगळं ठीक आहे रे. पण आठ-दहा दिवसांचे कपडे वाळत कुठे घालायचे?"

"काकी, बाल्कनी आहे ना," पुतण्या म्हणाला. "पण दोरी बांधलीस तर कॅप्टन स्वतः वर येईल हं."

"येऊ दे. त्याचे पण धुऊन देते."

कॅरिबियन समुद्रातली ती सहल ठरली तेव्हा ही होती. निघालो तेव्हा नव्हती. मधल्या पावसाळ्यात ती गेली. त्या आजाराबद्दल आणि त्या दवाखान्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. ते लिहायला बसलो तर दुसरं काही लिहून होणार नाही.

आम्ही ठाण्याजवळच्या बाळकुमचे. वडील खाडीलगतच्या मिठागरात कामाला होते आणि पावसाळ्यात घरचा भात लावत. त्या भाताच्या जागेवर आता उंच इमारत आहे. तिच्यात खालच्या मजल्यावर मी राहतो आणि वरच्या मजल्यावर माझा मोठा भाऊ. जमिनीचे सगळे व्यवहार दादाने केले, मी फक्त सह्या केल्या. माझी नोकरी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. मी आयुष्यात कधी कुणाला शिकवलं नाही, पण दादा मला 'मास्तर' म्हणतो. त्याच्या लेखी जो पुस्तकं हाताळतो तो मास्तर.

ही गेल्यावर मी सहलीला नाही म्हणालो. दादाने ते ऐकूनच घेतलं नाही.

"घरात बसून काय करशील? भिंतीशी बोलशील. चल गुमान."

तिच्या जागी मग आमची मुलगी आली. आधी तिला सुट्टी नव्हती म्हणून ती येणार नव्हती. आता तिने ती कशीतरी मिळवली. तिचं लग्न डोंबिवलीच्या एका मुलाशी ठरलेलं होतं. घरात कुणी गेलं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढे बरंच थांबायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. त्यामुळे सहल डिसेंबरात आणि लग्न फेब्रुवारीत, असं ठरून गेलं.

लग्नाची तारीख काढायला आलेल्या भटजींनी विचारलं होतं, "कन्यादानाला कोण बसणार?"

"आम्ही बसू ना," वहिनी लगेच म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात अधिकार नव्हता, मायाच होती. आमच्या घरात धार्मिक कार्याला जोडीने बसतात. जोडीतलं एक गेलं की ती जागा दुसऱ्या जोडीकडे जाते. त्यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीही झाली नाही. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही आणि मीही काही बोललो नाही.

भटजींना लिफ्टपर्यंत सोडायला मी गेलो. लिफ्ट यायला वेळ होता. ते हळूच म्हणाले, "तुम्हाला स्वतः बसायचं असेल तर बसता येतं. पत्नीच्या जागी कमरेला सुपारी लावायची. चालतं ते." मग लिफ्ट आली.

वाचणारा माणूस म्हणून मला 'कन्यादान' हा शब्द कधीच पटला नव्हता. मुलगी ही काय दान द्यायची वस्तू आहे का, असं मी बायकोशी कितीतरी वेळा बोललो होतो. ती म्हणायची, "तुम्ही भाषण करा हो. वेळ येईल तेव्हा मी पाण्याची धार नीट धरीन, तुमचाच हात थरथरेल." कन्यादानात बाप हात पुढे करतो आणि आई त्यावर पाणी सोडते. आता ती धार धरणारी नव्हती, आणि मला एकाएकी तो हात पुढे करायचा होता. शब्द पटो न पटो, माझ्या मुलीचा हात माझ्याच हातातून जायला हवा होता. एवढं एकच मला त्या सगळ्या लग्नातून हवं होतं. बाकी हॉल, जेवण, आहेर सगळं दादाने ठरवलं तरी माझी काही हरकत नव्हती.

हे दादाला सांगायचं ते बोटीवर, असं मी ठरवलं. घरी त्याच्याभोवती सतत चार माणसं बसलेली असतात. समुद्रात ती कुठून येणार?

*

फ्लोरिडातल्या एका बंदरावरून आम्ही बोटीत चढलो. केबिन दोघांसाठी म्हणून नोंदवलेली होती. दार उघडलं तर दोन्ही पलंग जोडून एक केलेला, आणि त्यावर टॉवेलांचे दोन हंस माना एकमेकांना टेकवून ठेवलेले. मी दारातच थांबलो. मुलगी पुढे झाली. तिने एक हंस उचलला, झटकून उलगडला आणि खांद्यावर टाकून म्हणाली, "मी आधी अंघोळ करते हं बाबा, केस नुसते चिकट झालेत." मग तिनेच केबिन सांभाळणाऱ्या माणसाला बोलावून पलंग वेगळे करून घेतले. तो फिलिपिनो माणूस फार ओशाळला. दोनदा सॉरी म्हणाला. पुढे रोज संध्याकाळी तो टॉवेलांचा एकच प्राणी करून ठेवायचा. कधी हत्ती, कधी माकड.

बोटीवर एकटं असणं किती कठीण असतं हे मला तिथे कळलं. जिथे जावं तिथे कुणीतरी हसून चौकशी करतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं विचारतात, कुठून आलात, बायको कुठे आहे. "वरच्या डेकवर आहे," असं मी एकदा सांगून टाकलं, कारण लिफ्टमध्ये खरं सांगण्याइतके मजले उरलेले नव्हते.

मुलगी होणाऱ्या नवऱ्याशी फोनवर बोलायला वायफाय मिळेल तिथे जायची. दादाला पोहायच्या तलावाकाठची आरामखुर्ची आवडली होती. वहिनींचा सगळा जीव जेवणाच्या दालनात. "भाऊजी, चला, आज पाच तऱ्हेचे मासे ठेवलेत, पण एकालाही तिखट नाही बघा," असं म्हणत त्या मला घेऊन जायच्या. त्यांनी पर्समधून घरचा मसाला आणला होता आणि तो त्या वाफवलेल्या पांढऱ्या माशावर भुरभुरवायच्या. शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी रोज वाकून बघायची. तिसऱ्या दिवशी वहिनींनी तिच्याही माशावर चिमूटभर टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ताट रिकामं केलं.

मी बराच वेळ बोटीच्या वाचनालयात बसायचो. वाचनालय म्हणजे काचेची कपाटं आणि खिडकीपाशी चार खुर्च्या. पुस्तकं कशीही लावलेली होती. स्वयंपाकाच्या पुस्तकाशेजारी युद्धाचा इतिहास, त्याच्याशेजारी प्रेमकथा. पहिल्या दिवशी मी नुसता बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी ती लावायला घेतली. बाहेर निळाशार समुद्र सरकत होता, इतका निळा की डोळ्यांना खोटा वाटावा, आणि मी गालिच्यावर मांडी घालून लेखकांच्या आडनावांनुसार पुस्तकं लावत होतो. हिला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "एवढे पैसे खर्चून तिकडे गेलात आणि हे केलंत?" तिचं हे वाक्य मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

दादाशी बोलायचं रोज राहून जात होतं. तो एकटा सापडला की झोपलेला असायचा.

एका संध्याकाळी सगळ्यांनी नटून जेवायला यायचं असा बोटीचा रिवाज होता. दादा रेशमी कुर्ता आणि गळ्यात सगळं सोनं घालून आला. जाडजूड साखळी, तिच्याखाली दुसरी, हातात कडं. जिन्यात दोन गोऱ्या बायकांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतले.

"त्यांना वाटलं मी कुठचा राजा हाय," दादा खूश होऊन म्हणाला.

"सांगायचं नाही का, बाळकुमचा," वहिनी म्हणाल्या.

मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी बोटीचा फोटोग्राफर उभा होता. जोड्या पुढे येत होत्या, हसत होत्या, बाजूला होत होत्या. पुतण्या आणि त्याच्या बायकोचा, आमच्या सूनबाईंचा, फोटो झाला. मग दादा-वहिनी उभे राहिले. वहिनींनी त्यांची पर्स माझ्या हातात दिली आणि माझ्या मुलीला ओढून मध्ये घेतलं. फोटोग्राफरने तिघांकडे बघितलं, त्याला चित्र पूर्ण वाटलं. त्याने दादाचा हात मुलीच्या खांद्यावर ठेवायला लावला, वहिनींची मान मुलीकडे कलवली. मी जरा जवळ सरकलो होतो. त्याने फार नम्रपणे, तळहात दाखवून, मला चौकटीबाहेर थांबायला सांगितलं.

मी थांबलो. हातात पर्स होती.

दुसऱ्या दिवशी फोटो एका लांबलचक भिंतीवर लावलेले होते. तो फोटो चांगला आला होता. आई, वडील आणि उपवर मुलगी. मुलीच्या लक्षात यायच्या आत मी तिला पुढे नेलं. तिच्या ते आधीच लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. दादाने नंतर तो विकत घेतला.

*

बोट एक दिवस बोनेर नावाच्या बेटाला लागली. पुतण्याने मिनीबस ठरवली होती. बेटाच्या दक्षिणेला जाता जाता रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी पाणी दिसायला लागलं. खरोखर गुलाबी, सरबतासारखं. त्याच्या पलीकडे एका ओळीत पांढरे डोंगर.

"बर्फ?" सूनबाईंनी विचारलं.

दादा खिडकीला चिकटून बसला होता. तो म्हणाला, "मीठ."

त्याने गाडी थांबवायला लावली. बाकी सगळे दूरवर पाण्यात उभ्या असलेल्या रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला गेले. "हे तर आपल्या खाडीत पण येतात," असं वहिनी ड्रायव्हरबाईंना मराठीतून सांगत होत्या. दादा आणि मी कुंपणापाशी उभे राहिलो. कडेच्या चिखलावर मिठाचा पापुद्रा धरला होता. दादाने सोन्याचं कडं वर सारून बोटाने थोडं मीठ खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

"थोरा कडवट हाय अजून."

मीही चाखलं. आमचे वडील संध्याकाळी घरी आले की ओटीवर पाय पसरून बसायचे. तळव्यांना भेगा असायच्या, भेगांत मीठ गेलेलं असायचं. आई खोबरेल लावायची आणि ते डोळे मिटून घ्यायचे. आम्ही दोघं भाऊ ते बघत असायचो. त्याबद्दल आम्ही आपसात कधी बोललो नव्हतो. थोड्या अंतरावर समुद्राकाठी दगडी खुराड्यांसारख्या खोल्या होत्या, कंबरेएवढ्या दाराच्या. मिठावर राबणाऱ्या गुलामांना तिथे झोपवत असं पाटीवर लिहिलं होतं. मी दादाला वाचून दाखवलं.

"आपला बाप निदान घरी येत होता," तो म्हणाला.

तिथे चार माणसं नव्हती. मी म्हणालो, "दादा, मला कन्यादानाला बसायचंय."

"कोनासंगं?"

"एकट्याने. भटजी म्हणाले, कमरेला सुपारी लावून बसता येतं."

वारा जोराचा होता. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. पण गेलं होतं.

"आपल्यात कोन बसलाय असा?"

"कोणी नाही."

"मग? लोकं काय बोलतील? दादूस जिता हाय, वयनी हाय, आणि पोरीच्या बापाला एकट्याला बसवला. माझ्या तोंडावर नाय बोलायचे. मांडवाच्या मागं बोलतील."

"बोलू देत."

"तुला काय जातंय बोलू देत म्हनायला. तू पुस्तकात तोंड घालून बसशील. मला रोज नाक्यावर उभं राहायचंय." तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि तुझी वयनी शालू घेऊन बसलीय त्यासाठी. ब्लाउज पन शिवून झाला."

मला हसू आलं. त्यालाही आलं असावं, पण त्याने ते दाखवलं नाही. तो मिठाच्या डोंगरांकडे बघत होता. माझ्याकडे दुसरा मुद्दाच नव्हता. हवं आहे, एवढंच होतं.

"तू कधी काय मागितला नायस," तो म्हणाला. "जमिनीच्या टायमाला पन नाय. मी म्हनायचो, मास्तर, बोल काय ते. तू सही करायचास आणि निघून जायचास. मला राग यायचा तुझा."

"माहीत आहे."

"बस तू. मी बोलतो वयनीशी. भटजीला पन सांगतो." मग लगेच, जणू हा विषय कधी निघालाच नव्हता अशा आवाजात तो ओरडला, "काय गो, झाले का फोटो? का पक्षी घेऊन जाताय संगती?"

परतीच्या वाटेवर मी खिडकीपाशी बसलो होतो. ही गेल्यापासून पहिल्यांदा मला पुढच्या एखाद्या दिवसाची वाट बघावीशी वाटली.

*

दुसरा दिवस नुसता समुद्राचा होता. सकाळी मुलगी आणि मी केबिनच्या बाल्कनीत चहा घेत बसलो होतो. कठड्यावर तिचे दोन रुमाल वाळत होते, चिमटे लावून. मी तिला सांगितलं. काकांशी बोलणं झालंय, कन्यादानाला मीच बसणार आहे. सांगताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला असावा, कारण शेजारच्या बाल्कनीतल्या माणसाने वळून बघितलं.

तिने कप खाली ठेवला.

"एकटा?"

"सुपारी लावतात. आईच्या जागी."

तिने एका रुमालाचा चिमटा नीट केला. मग तिने विचारलं, "सुपारीशिवाय नाही का चालणार?"

"भटजी नाही म्हणतील. नाहीतर मग हा विधीच नको, असं म्हणावं लागेल."

"ते मी विचारलं होतं. त्याच्या आई म्हणाल्या, बाकी काही सोडा, पण विधी सगळे व्हायला हवेत. त्यांचाही एकुलता एक आहे." ती रुमालांकडे बघत होती. "बाबा, मला नाही जमणार."

"काय?"

"तुझ्या कमरेला सुपारी बघायला. काका-काकी बसले ना, तर मला कळेल की आई नाहीये. ते मला आता कळायला लागलंय. रोज थोडं थोडं. पण तिथे सुपारी असली तर असं होईल की आई आहे असं सगळ्यांनी मिळून समजायचंय. आणि मी तिथे बघत राहीन. मला माहितीये, मी दुसरीकडे कुठे बघूच शकणार नाही. ती धार, ते मंत्र, काही नाही. नुसती ती सुपारी."

मी समुद्राकडे पाहिलं. बोलायला माझ्याजवळ बरंच होतं. मला काय हवं आहे ते मी दादाला एका वाक्यात सांगू शकलो होतो, तिलाही सांगू शकलो असतो. तिने ऐकलं असतं. ती हट्टी नाही, आईवर गेलेली नाही त्या बाबतीत. मी मागितलं असतं तर तिने दात आवळून ते पार पाडलं असतं, आणि मला पुढे जन्मभर तिचा तो आवळलेला जबडा आठवत राहिला असता.

"बरं," मी म्हणालो.

"तू रुसलास?"

"नाही."

"बाबा, तू रुसतोस तेव्हाच 'नाही' म्हणतोस. नाहीतर 'छे' म्हणतोस."

"छे," मी म्हणालो. ती हसली, आणि हसता हसता रडली. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या बायकोने अशा वेळी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. तिने पोरीला जवळ ओढलं असतं, पदराने तिचं नाक पुसलं असतं आणि "पुरे आता, चहा गार झाला" असं म्हटलं असतं. हे सगळं आमच्या घरात तीच करायची. मी कठड्यावरचा एक रुमाल काढून दिला. तो अजून ओला होता.

दादाला सांगायला मी वर गेलो तेव्हा तो नाश्त्याच्या रांगेत होता. एका हातात ताटली, ताटलीत कलिंगडाच्या फोडींचा ढीग.

"दादा, तुम्ही दोघंच बसा."

"कुठं?" त्याला वाटलं मी टेबलाबद्दल बोलतोय.

"कन्यादानाला."

त्याने रांग सोडली. मागच्या माणसांना वाट करून दिली आणि मला खांबाआड नेलं. "काय झाला? कोन काय बोलला? वयनी बोलली? मी तिला रात्रीच सांगितला, ती बरं म्हनाली. रडली थोरी, पन बरं म्हनाली."

"वहिनी नाही. पोरीला नको आहे."

मी त्याला कारण सांगितलं. तिने जसं सांगितलं तसंच, जमेल तितकं. ऐकताना त्याच्या ताटलीतून कलिंगडाचं पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांवर गळत होतं. ऐकून झाल्यावर त्याने ताटली शेजारच्या टेबलावर ठेवली. मग त्याने विचारलं, "मग तू कुठं बसशील?"

"बसेन कुठेतरी," मी म्हणालो.

*

लग्न कल्याणच्या एका हॉलमध्ये झालं. आदल्या दिवशी बाळकुमला हळद होती. घरात दुःख आहे म्हणून हळद साधी करायची, असं दादाने जाहीर केलं होतं. साध्या हळदीला पाचसहाशे माणसं जेवली. फक्त डीजे नव्हता, आणि त्यामुळे सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. बायकांनी जुनी गाणी म्हटली. माझ्या बायकोचा आवाज त्यांच्यात वरच्या पट्टीत असायचा. तो कुठे नव्हता ते मला प्रत्येक गाण्यात ऐकू येत होतं.

हॉलमध्ये दादाने विचारलेला प्रश्न खरोखरच उभा राहिला. लग्नात प्रत्येकाला जागा असते. मोहन्याहून आलेला मामा मुलीला हाताला धरून मांडवात घेऊन आला, मग तिच्या पाठीशी उभा राहिला. करवल्या कलश घेऊन उभ्या. काका-काकी पाटावर. वहिनींचा शालू मोरपिशी होता, फार शोभत होता त्यांना. बाप मात्र पाटावर बसला तरच त्याला जागा असते. नाहीतर त्याने कुठे असावं हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. मी आधी खांबापाशी उभा राहिलो, तिथे व्हिडिओवाल्याची वायर होती. मग जेवणाकडे बघून येतो असं स्वतःशीच म्हणत मागे गेलो. तिथे सगळं नीट चाललं होतं. आचाऱ्याने मला बघून, "काका, भूक लागली का? जरा थांबा, पंगत आत्ता बसेल," असं सांगितलं.

भटजींचा आवाज माइकवरून आला तेव्हा मी घाईने परत फिरलो. पुढच्या रांगा भरल्या होत्या. मधल्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या. एकीवर मी बसलो. तिथून माणसांच्या डोक्यांमधून मुलीचा उजवा खांदा आणि मुंडावळ्यांची एक बाजू दिसत होती. दादाने हात पुढे केला. वहिनींनी तांब्या उचलला. हात कुणाचा थरथरतोय का, हे इतक्या लांबून कळत नव्हतं.

तेवढ्यात मुलाकडच्या एक वयस्कर बाई रांगेतून वाट काढत आल्या. हातात अक्षता, खांद्याला जड पिशवी. माझ्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "इथे कुणी बसलंय का हो?"

"नाही," मी म्हणालो. "कुणी नाही. बसा."

त्या हुश्श करत टेकल्या. पिशवी पायाशी ठेवली आणि डोंबिवलीहून येताना रिक्षाने कसं भलतीकडेच सोडलं, गुडघ्यांचं ऑपरेशन करावं की करू नये, सूनबाईंचं म्हणणं काय आणि डॉक्टरांचं काय, ते मला सांगायला लागल्या. मी मान हलवत होतो. पुढे मंत्र चालू होते. त्यातला एकही शब्द मला ऐकू आला नाही.